सोळा तास

“डिश बदलल्यात तुझ्याकडून,” आठल्ये मॅडम म्हणाल्या आणि आलेखाचा कागद त्यांनी माझ्याकडे परत सरकवला. “निरोगी पेशी कॅन्सरच्या म्हणून मोजल्यास आणि कॅन्सरच्या निरोगी म्हणून. होतं असं. पुन्हा कर.”

“तीनदा केलंय, मॅडम.”

“मग तीनदा बदलल्यात.”

त्यांनी चष्मा लावला आणि समोरचं टपाल उघडायला घेतलं. म्हणजे मी आता जायचं. मी दारापर्यंत गेले आणि परत फिरले.

“मी डिशच्या तळाला खूण करते, झाकणावरही करते. बदलणं शक्य नाही.”

मॅडमनी मान वर केली नाही. “शलाका, पुढच्या आठवड्यात शनिवारी हॉस्पिटलची माणसं येतायत. मला सरळ आकडे हवेत. कोडी नकोत.”

ही २००९च्या फेब्रुवारीतली गोष्ट. पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत मी पीएच.डी.च्या तिसऱ्या वर्षाला होते. हिंगणघाटहून आलेली, सव्वीस वर्षांची, आणि तोवर नाव घेण्यासारखं एकही काम हातून न झालेली.

आमच्या प्रयोगशाळेचा प्रश्न एकच होता. गाठीत इतकी दाटी असते, तिथे कॅन्सरच्या पेशींचं विभाजन होतंच कसं? एरवी पेशी खालच्या पृष्ठभागाला चिकटून पसरलेली असते, तव्यावरच्या धिरड्यासारखी. एकीच्या दोन व्हायची वेळ आली की ती आधी सगळीकडून स्वतःला आवरून घेते आणि चेंडूसारखी गोल होते. मग आत गुणसूत्रांना रांगेत उभं राहायला जागा मिळते आणि दोन्ही नव्या पेशींना सारखा वाटा जातो. वरून दाब दिला तर निरोगी पेशीला नीट गोल होता येत नाही आणि ती वाटणी फसते. कॅन्सरच्या पेशी मात्र दाबाखालीही गोल होतात. त्यांचं निभतं.

का निभतं, याचं उत्तर आमच्याकडे चार वर्षांपूर्वीच छापून आलेलं होतं. हेरंब देवल हा मॅडमचा सर्वांत हुशार विद्यार्थी. त्याने मोजून दाखवलं होतं की विभाजनाच्या वेळी कॅन्सरच्या पेशी निरोगी पेशींपेक्षा मऊ असतात. मऊ म्हणून दाबाला जुळवून घेतात, असा पेपरचा निष्कर्ष होता. त्या पेपरने मॅडमचं नाव झालं. हेरंब जर्मनीला गेला. आणि एका मोठ्या हॉस्पिटलातले कॅन्सरतज्ज्ञ डॉ. हळबे मॅडमकडे एक कल्पना घेऊन आले. पेशी मऊ असल्यामुळे वाढत असतील, तर त्या कडक करणारं औषध दिलं तर? आधी उंदरांवर, मग निवडक रुग्णांवर. त्या शनिवारी याच योजनेवर सह्या व्हायच्या होत्या.

हेरंबचे आकडे नव्या यंत्रावर पुन्हा काढून द्यायचे, एवढंच माझं काम होतं. यंत्र साधं वाटावं असं. केसाहून बारीक पट्टी, तिच्या टोकाला डोळ्यांना न दिसणारा मणी. तो मणी पेशीवर टेकवायचा आणि पट्टी किती वाकली ते मोजायचं. पसरलेल्या पेशींचे आकडे हेरंबशी जुळत होते, त्यात कॅन्सरच्या पेशी मऊच होत्या. पण तीच पेशी विभाजनासाठी गोल झाली की माझा आकडा उसळी घेत होता. निरोगी पेशीपेक्षा जवळजवळ दुपटीने कडक.

मॅडमच्या खोलीतून मी निघाले ती थेट खाली वर्कशॉपमध्ये गेले. मोजण्याआधी पेशींवर दाब द्यायचं स्टीलचं कडं गफूरभाई शिकलगारांनी बनवलं होतं. त्याच्या मधोमध जेलची पारदर्शक चकती बसवायची आणि तीन स्क्रूंनी ती पेशींवर टेकवायची. गफूरभाई मूळचे मिरजेचे. संस्थेत येण्याआधी दहा वर्षं ट्रकच्या गॅरेजात काढलेले. मला वाटलं, चकती एका बाजूने तिरकी बसत असेल, दाब सारखा पडत नसेल, म्हणून सगळा घोळ.

त्यांनी कडं हातात फिरवलं, सपाट काचेवर ठेवून चहूबाजूंनी पाहिलं. “तिरकं नाही, ताई. कागदसुद्धा शिरत नाही खाली. झालंय काय?”

मी सांगितलं. मऊ असलेल्या पेशी चकतीला वर ढकलून गोल होतात, असं आमचं म्हणणं, आणि माझ्या आकड्यांत त्या गोल होताना कडक निघतात.

गफूरभाईंनी कडं खाली ठेवलं. “आता राग मानू नका. मी काय शिकलेला माणूस नाही. पण मऊ वस्तू दाबली की पसरते. वर उचलायचं काम मऊ वस्तू करत नाही. ट्रकखाली जॅक लावतो आपण, तो रबराचा लावून चालेल का?”

मी कडं उचलून पुन्हा काचेवर ठेवून पाहिलं.

“तुमचे आकडे बरोबर असतील,” ते म्हणाले. “पहिले आकडे कुणी काढले ते विचारा की त्याला.”

हेरंबला मी याआधी एकदाच भेटले होते. दुसऱ्या दिवशी दुपारी, त्याच्याकडे सकाळ असताना, स्काइपवर गाठला. आधी तो मोकळेपणाने बोलला. पुण्यात थंडी आहे का, कँटीनमधली मिसळ अजून तशीच आहे का, असलं काहीबाही. मग मी आकडे सांगितले.

“तुला माझा पेपर पाडायचाय का?” तो हसत म्हणाला, पण हसणं लगेच थांबलं.

“मला माझं कुठे चुकतंय ते शोधायचंय. तू गोल पेशी कशा गोळा केल्यास?”

“म्हणजे?”

“मी नुसती वाट बघते. एखादी पेशी आपणहून गोल झाली की मोजते. तासाला दोन किंवा तीन मिळतात. तुझ्या पेपरात तर चारशे पेशी आहेत.”

“अगं, औषध घालून. पेशी विभाजनाच्या मध्यावर अडकवून ठेवायचं औषध. सगळेच वापरतात. पेपरात लिहिलंय की.”

“किती वेळ ठेवत होतास?”

“संध्याकाळी घालून सकाळी मोजायचो. सोळा तास.”

“पेपरात वेळ लिहिलेली नाही, हेरंब.”

“नसेल,” तो म्हणाला. आणि मग, “मॅडमना विचार.” तेवढं बोलून त्याने मीटिंग असल्याचं सांगितलं आणि फोन बंद केला.

विभाजनाला पेशीला साधारण तासभर लागतो. त्या अवस्थेत तिला सोळा तास रोखून धरलं तर ती थकते, सैल पडते, काही पेशी तर मरायलाही लागतात. मरणारी पेशी मऊ लागणारच. पण मग निरोगी पेशीही तितक्याच मऊ का नाही झाल्या? हे मला दोन दिवस सुटलं नाही. बुधवारी दुपारी डबा खाता खाता सुटलं, आणि पोळीचा घास तसाच ठेवून मी उठले. कॅन्सरच्या पेशी भराभर विभाजनाला येतात. औषध घातल्याबरोबर त्या पटापट अडकल्या असणार आणि पुढचे पंधरा तास तशाच पडून राहिल्या असणार. निरोगी पेशी संथ. त्यांतल्या बऱ्याचशा सकाळी, मोजायच्या जरा आधी येऊन अडकलेल्या, म्हणजे ताज्या. हेरंबने कॅन्सरच्या आणि निरोगी पेशींची तुलना केलीच नव्हती. त्याने दमलेल्या आणि ताज्या पेशींची केली होती.

पण हे मला वाटून उपयोग नव्हता. गुरुवार ते शनिवार मी एकच प्रयोग केला. औषध घालायचं, आणि गोल झालेली कॅन्सरची एकच पेशी धरून ती दर तासाला मोजायची. पहिल्या तासाला कडक. चौथ्या तासाला थोडी उतरलेली. दहाव्या तासानंतर लोळागोळा. अशा नऊ पेशींचे नऊ आलेख काढले. नवाच्या नऊ रेषा डावीकडून उजवीकडे खाली घसरत होत्या.

शनिवारी संध्याकाळी मॅडम निघायच्या तयारीत होत्या. पर्स खांद्याला लावलेली. मी आलेख त्यांच्यासमोर ओळीने मांडले. त्या उभ्यानेच बघत होत्या. मग त्यांनी पर्स खाली ठेवली आणि खुर्ची ओढून बसल्या.

“हेरंबशी बोललीस?”

“हो.”

“काय म्हणाला?”

“सोळा तास म्हणाला. आणि तुम्हाला विचार म्हणाला.”

त्यांनी एक आलेख उचलला, परत ठेवला. “नऊ पेशींवरून चारशे पेशींचा पेपर खोटा ठरवायचा?”

“खोटा नाही म्हणत मी.”

“मग काय म्हणतेस?”

बाईंची जीभ सगळ्या संस्थेला माहीत होती. त्यांच्या एका शेऱ्यावर माणसं पीएच.डी. सोडून गावाला निघून गेली होती. “मी म्हणते, येत्या शनिवारी सह्या करायच्या नाहीत. पेशी कडक होऊनच विभाजन करत असतील, तर तुम्ही रुग्णाला देणार ते औषध गाठीच्याच कामी येईल.”

मॅडमनी नऊही आलेख गोळा करून एकावर एक रचले. बाहेर माळी पाइपाने हिरवळीला पाणी घालत होता.

“तू मोजलेलं मी मानणार नाही,” त्या म्हणाल्या. “हेरंबने मोजलेलंही नाही. मी मोजेन. कुठली डिश कुठली हे मला कळता कामा नये, आणि तू सांगायचं नाहीस. सोमवारी सकाळी नऊला.”

मॅडमनी गेल्या सात वर्षांत सूक्ष्मदर्शकाला हात लावला नव्हता. सोमवारी त्या पावणेनऊलाच आल्या, साडीवर पांढरा कोट चढवून, केस घट्ट बांधून. डिशवरच्या माझ्या खुणा पुसून तिथे आकडे लिहायचं काम त्यांनी गफूरभाईंना दिलं. “शिकलगार, यादी तुमच्या खिशात ठेवायची. मी मागितली तरी शुक्रवारपर्यंत द्यायची नाही.”

“तुम्ही रागावलात तर?”

“तरी नाही.”

औषध घालायचं नाही असं ठरलं. म्हणजे वाट बघायची. मी सूक्ष्मदर्शकातून डिश चाळायची, गोल होऊ लागलेली पेशी दिसली की चित्र इतकं मोठं करायचं की पडद्यावर तेवढीच दिसावी. गोल झाल्यावर निरोगी आणि कॅन्सरची, दोन्ही सारख्याच दिसतात. मग मॅडम मणी टेकवायच्या.

पहिल्या दिवशी त्यांच्या हातून चार पट्ट्या मोडल्या. मणी टेकवताना बोट किंचित जास्त फिरलं की पट्टी गेलीच. दुपारपर्यंत एकही आकडा मिळाला नव्हता.

“मी करू का?” मी विचारलं.

“नको.”

पाचवी पट्टी त्यांनी स्वतःच लावली. त्यांनी हात मांडीवर ठेवला, मूठ दोनदा मिटली, उघडली, आणि पुन्हा सुरू केलं. पाच वाजेपर्यंत अकरा पेशी झाल्या.

मंगळवारी सव्वीस. बुधवारी एकतीस. मॅडम जेवायला उठत नव्हत्या, मग मीही उठत नव्हते. बोलणं फक्त कामाचं. “डावीकडे घे.” “ही आली बघ.” “थांब, अजून पुरती गोल नाही.” एकदा पेशी गोल होता होता मध्येच थांबली, आणि आम्ही दोघी पाऊण तास तिच्याकडे टक लावून बसलो. शेवटी झाली. मॅडमच्या तोंडून “शाबास” निघून गेलं. ते पेशीला होतं. पण तीन वर्षांत त्यांच्या तोंडून मी हा शब्द पहिल्यांदाच ऐकला.

गुरुवारी पाठीने दगा दिला. त्या खुर्चीतून उठल्या त्या टेबलाला धरून. मी म्हटलं, अडुसष्ट पेशी खूप झाल्या, आकडे काढू या.

“शंभर,” त्या म्हणाल्या. “हळबे विचारतील. मीसुद्धा विचारलं असतं.”

शुक्रवारी चार वाजता शंभरावी पेशी झाली. गफूरभाई वर आले, चपला दाराबाहेर काढून. त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला, घामाने थोडा मऊ पडलेला. मॅडम म्हणाल्या, “वाचा.”

ते एकेक डिशचा आकडा वाचत गेले, निरोगी की कॅन्सरची ते सांगत गेले, आणि मी संगणकावर दोन रंग भरत गेले. निळे ठिपके निरोगी, लाल ठिपके कॅन्सरचे. अर्ध्या यादीतच दिसायला लागलं होतं, पण गफूरभाई शेवटपर्यंत वाचत राहिले, कारण थांबा असं त्यांना कुणी म्हणालं नाही.

लाल ठिपके वर होते. सगळे नाहीत, काही निळ्यांत मिसळलेले. पण त्यांचा घोळका स्पष्ट वर होता.

“म्हणजे जॅक लोखंडाचाच निघाला,” गफूरभाई माझ्या कानाशी पुटपुटले.

मॅडमनी पडद्याकडे पाहिलं, कोट काढून खुर्चीवर टाकला आणि खोलीबाहेर गेल्या. त्या उद्या काय बोलणार, हे आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं.

शनिवारी दहा वाजता डॉ. हळबे आले, सोबत हॉस्पिटलचे दोन डॉक्टर आणि कायदेशीर कागद घेऊन आलेली एक बाई. मी मागच्या रांगेत बसले. मॅडमनी पहिलंच चित्र लावलं ते हेरंबच्या पेपरमधलं, त्यांना नाव मिळवून देणारं.

“हा आलेख तुम्ही सगळ्यांनी पाहिलाय,” त्या म्हणाल्या. “तो चुकीचा आहे.”

डॉ. हळबेंना वाटलं, छपाईतली चूक असेल. ते हसून म्हणाले, “कुठे चुकलाय?”

“निष्कर्षात.”

मग त्यांनी सगळं सांगितलं. सोळा तासांचं सांगितलं, माझ्या नऊ पेशींचं सांगितलं, आमच्या शंभर पेशींचं सांगितलं. माझं नाव तीनदा घेतलं. आवाज एकदाही हलला नाही. “कॅन्सरची पेशी एरवी मऊ असते, हे खरं. पण विभाजनाच्या त्या तासाभरात ती निरोगी पेशीपेक्षा कडक होते आणि दाटीत स्वतःपुरती जागा करून घेते. तुम्ही तिला कडक करणारं औषध दिलंत, तर तिच्या मदतीला जाल. मी या योजनेवर सही करणार नाही, आणि तुम्हीही करू नका.”

डॉ. हळबे उठून आलेखापाशी गेले, जवळून पाहिलं. “दीड वर्ष घालवलंय आम्ही, मॅडम.”

“हो.”

“माझे पेशंट विचारतायत, कधी सुरू होणार म्हणून. काय सांगू त्यांना?”

“माझं नाव सांगा,” मॅडम म्हणाल्या.

चहा कुणी घेतला नाही. कागद आणलेल्या बाईंनी ते तसेच पिशवीत परत घातले.

पुढे काय झालं तेही सांगायला हवं. हॉस्पिटलशी असलेलं नातं संपलं. मॅडमना दोन समित्यांवरून आडून आडून दूर करण्यात आलं. आमचा नवा पेपर लिहून होईपर्यंत परदेशातल्या एका गटाचं तसंच काम छापून आलं आणि आमचा दुसरा ठरला. माझ्या पीएच.डी.ला एकूण सात वर्षं लागली. या सगळ्याबद्दल मॅडम कधी हळहळल्या नाहीत, निदान माझ्यासमोर तरी. आज माझी स्वतःची प्रयोगशाळा आहे, नागपूरला. तिथे गोल पेशी मोजायला घेताना मी औषध वापरत नाही. विद्यार्थी कुरकुरतात.

पण मला सगळ्यात जास्त आठवतो तो त्या शनिवारनंतरचा सोमवार. जुना पेपर मागे घेण्याचं पत्र मासिकाच्या संपादकांना पाठवायचं होतं. मॅडमनी मसुदा मला लिहायला सांगितला. मी सकाळभर लिहीत होते. त्यांना कमीत कमी लागावं अशा बेताने एकेक शब्द निवडत होते. पेशी गोळा करण्याच्या पद्धतीत अनवधानाने राहिलेल्या त्रुटीमुळे निष्कर्ष सदोष ठरला आहे, असं काहीसं ते वाक्य होतं.

मॅडमनी पत्र वाचलं. पेन उघडलं आणि ते हातात तसंच धरून बसल्या.

“हेरंबने मला विचारलं होतं,” त्या म्हणाल्या. “तेव्हाच. पेपर पाठवायच्या आदल्या आठवड्यात, याच खोलीत. ‘मॅडम, एकदा औषध न घालता करून बघू का? थोड्याच पेशी मिळतील, पण बघू या.’ असं म्हणाला होता. त्याला शंका आली होती.”

मी समोरची खुर्ची ओढून बसले.

“मी म्हटलं, वेळ नाही. वेळ होता. आकडे छान आले होते, शलाका. मला ते बिघडवायचे नव्हते.”

त्यांनी ‘अनवधानाने’ या शब्दावर रेघ मारली. एकच, सरळ. मग खाली सही केली, हेरंबच्या सहीसाठी सोडलेली जागाही खोडली, आणि पत्र माझ्या हातात दिलं.

“आता पाठव.”